लाईट गेल्यावर

मावळातल्या एका गावात दोन भाऊ होते. वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्याला, म्हणजे आप्पांना, रस्त्याकडची जमीन आली आणि धाकट्या बापूला टेकाडापलीकडची. भांडण नव्हतं, पण येणंजाणं सणावारापुरतं उरलं होतं. दोघांनी दहा-दहा गुंठ्यांची पॉलिहाऊसं उभी केली, एकाच नर्सरीतून एकाच वाणाची शेवंती आणली, आणि दोघांचा डोळा एकाच बाजारावर होता: गुलटेकडी, दिवाळीच्या आधीचा आठवडा.

शेवंती रात्र मोजते. रात्र पुरेशी लांब झाली की वाढ आवरती घेऊन कळी धरते. आपल्याकडे तर वर्षातला सगळ्यांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास, त्यामुळे तिच्या हिशेबाने आपल्या रात्री बारा महिने लांबच. रोप वीतभर असताना कळी धरून बसलं तर काडी आखूड राहते, आणि आखूड काडीला बाजारात कोणी विचारत नाही. म्हणून रोपं लावल्यावर पहिले चार-पाच आठवडे शेडमध्ये रात्री दहा ते दोन दिवे लावतात. त्या उजेडाने रात्रीचे दोन तुकडे पडतात, कुठलाच तुकडा पुरेसा लांब उरत नाही, आणि शेवंती वाढत राहते. दिवे बंद केले की तिथून सात-आठ आठवड्यांत फूल. फुलणं दिवसाच्या लांबीवर ठरतं, असं गार्नर आणि अलार्ड या दोघांनी 1920 साली अमेरिकेत तंबाखूच्या एका वाणावर दाखवलं होतं. पुढे 1938 मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी एका काटेरी तणावर प्रयोग केले. दिवसा मध्येच अंधार केला तर तणाला काही फरक पडला नाही, पण लांब रात्रीत मध्येच थोडा वेळ दिवा लावला तर ते फुललंच नाही. शेवंतीवाल्यांना ही नावं माहीत नसतात, पण दहा ते दोन माहीत असतं.

आता रोज रात्री दहाला उठून खटका दाबणार कोण? दोघांनाही टायमर हवा होता.

आप्पा एकटेच पुण्याला गेले. तापकीर गल्लीतल्या एका दुकानात उभे राहिले आणि विचारलं, "किती अँपिअरचा आहे?" दुकानदार म्हणाला, सोळा. आप्पांनी गाडीतच हिशेब केला होता. नऊ वॅटचे दीडशे बल्ब, म्हणजे साडेतेराशे वॅट, म्हणजे सहा अँपिअरच्या आसपास. सोळा म्हणजे अडीचपट झालं. गोल तबकडी, तिच्याभोवती शहाण्णव पिना, एक पीन म्हणजे पंधरा मिनिटं. आप्पांना ते यंत्र आवडलं, कारण ते दिसत होतं. डिजिटल टायमरची बटणं दाबत बसायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. घरी येऊन त्यांनी सोळा पिना खाली केल्या, तबकडी फिरवून घड्याळाची वेळ लावली आणि काम झालं म्हणाले. खरंच, एका दुपारात झालं.

बापूने गावातल्या जुन्या वायरमन काकांना बरोबर नेलं. काकांनी दुकानात गेल्या गेल्या अँपिअर विचारलेच नाहीत. तोच पिनांचा टायमर हातात घेऊन म्हणाले, "लाईट गेल्यावर हा काय करतो?"

"बंद पडतो. लाईट आली की चालू."

"आणि घड्याळ?"

दुकानदाराने काही न बोलता तो टायमर आत ठेवला आणि दुसरा काढला.

त्या पिनांच्या तबकडीमागे छोटी मोटर असते आणि ती लाईनच्या पन्नास सायकलवर फिरते. लाईट आहे तोवर तिच्याइतकं इमानी कोणी नाही. दोन तास लाईट गेली की तबकडी दोन तास थांबते, आणि परत आली की जिथे थांबली तिथून पुढे चालू लागते. मागे पडलेले दोन तास ती स्वतःहून कधीच भरून काढत नाही. शहरात, जिथे लाईट सहसा जात नाही, तिथे हे यंत्र वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतं. मावळात श्रावणात चालत नाही. दुसऱ्यात आत बॅटरी होती. दिवे जातील, पण घड्याळ चालत राहील.

काका एवढ्यावर थांबले नाहीत. त्या टायमरवरही सोळा अँपिअर लिहिलं होतं, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत एलईडीसाठी वेगळा, बराच कमी आकडा. बापूला त्याचा अर्थ कळेना. काकांनी सांगितलं की सोळा अँपिअर हा हीटरसारख्या साध्या लोडचा आकडा आहे. एलईडी बल्ब चालू होताना, अगदी क्षणभर, त्याच्या नेहमीच्या करंटच्या कितीतरी पट ओढतो. दीडशे बल्ब एकदम ओढतात तेव्हा टायमरच्या आतल्या पत्र्यांवर ठिणगी पडते, आणि एखाद्या रात्री त्या पत्र्या एकमेकींना चिकटून बसतात. मग टायमर बंद म्हणतो आणि दिवे चालूच राहतात. म्हणून टायमरला दीडशे बल्ब द्यायचे नाहीत, एक कॉन्टॅक्टर द्यायचा. टायमरने फक्त त्याच्या कॉइलला लाईट द्यायची, आणि बल्बांचा भार कॉन्टॅक्टरच्या जाड पत्र्यांनी उचलायचा. तोही दोन आकडे मोठा घेतला.

बॉक्स बांधायला काकांना दोन दिवस लागले, आणि बापूची बायको त्यांच्या चहाने वैतागली. टायमरने फेजच तोडली पाहिजे, न्यूट्रल नाही, नाहीतर बंद असतानाही बल्ब मंद मिणमिणतात आणि खाली उभ्या माणसाला शॉकही बसू शकतो. फॉगरमुळे शेडमध्ये कायम ओल, म्हणून तीस मिलिअँपिअरची ईएलसीबी, आणि अर्थिंगसाठी वेगळा खड्डा. वायरी बॉक्समध्ये वरून नाही तर खालून, ग्लँडमधून घ्यायच्या. वरून घेतलं की पाणी वायरीवरून ओघळत थेट आत येतं. प्रत्येक टोकाला लग दाबून. शेजारी एक खटका, ऑटो आणि हाताने असा, म्हणजे टायमर बिघडला तर रात्र वाया जाणार नाही.

बॉक्सच्या दारावर बापूला लाल इंडिकेटर हवा होता. काकांनी विचारलं, "कुठून जोडू? टायमरकडून जोडला तर टायमरने हुकूम सोडला एवढंच कळेल. दिवे लागले का, ते नाही कळणार." मग त्यांनी इंडिकेटर लावलाच नाही. शेवटच्या रांगेतला अगदी शेवटचा बल्ब काढला, त्याची वायर वाढवली, आणि तो शेडच्या बाहेर खांबावर, बापूच्या ओट्यावरून दिसेल असा टांगला. म्हणाले, "हा लागला म्हणजे मधलं सगळं ठीक आहे."

दीप अमावास्येनंतर दोघांची रोपं लागली. गणपती बसले की दिवे बंद करायचे, असा दोघांचाही हिशेब.

नागपंचमीला संध्याकाळी सहाच्या सुमारास वारा सुटला आणि तारांवर झाड पडलं. लाईट आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी आठला. त्या एका रात्री बापूचेही दिवे लागले नाहीत, पण एका रात्रीने शेवंती कळी धरत नाही. दुसऱ्या दिवशी दहाला त्याचा बाहेरचा बल्ब लागला. पुढे एकदा लागला नाही, तेव्हा बापू जेवता जेवता उठून गेला; एमसीबी पडला होता, तो वर केला आणि येऊन उरलेली भाकरी खाल्ली.

आप्पांच्या तबकडीचे चौदा तास गेले होते. तिच्या मते रात्रीचे दहा वाजले तेव्हा बाहेर दुपारचे बारा होते.

आप्पांच्या शेडमध्ये खुरपणीला येणाऱ्या बायकांमध्ये एक मावशी होत्या, शेडमागच्या वस्तीत राहणाऱ्या. त्यांनी दोन-तीन दिवस पाहिलं आणि आप्पांना विचारलं, "आप्पा, भर दुपारी दिवे का लावलेत?"

आप्पा फोनवर होते. "ढगाळ आहे ना. उजेड जास्त झाला म्हणून झाडाचं काही बिघडतं का? तुम्ही तुमचं काम करा."

मावशींनी केलं. मजुरीने काम करणाऱ्या माणसाने तोच प्रश्न दोनदा विचारायचा नसतो, हे त्यांना आयुष्यभराच्या अनुभवाने ठाऊक होतं.

पाऊस चालूच राहिला. लाईट आज एक तास, उद्या अर्धा तास जात राहिली, आणि तबकडी तेवढीतेवढी मागे पडत गेली. दुपारचे दिवे कलत्या दुपारी लागू लागले, मग संध्याकाळी. पोळ्याच्या सुमाराला ती पुरते चोवीस तास मागे पडली, म्हणजे पुन्हा वेळेवर आली. आणि नेमके त्याच आठवड्यात आप्पा एका रात्री शेडकडे गेले. दहाला दिवे लागलेले पाहिले, मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिले, आणि निवांत झोपले. या गोष्टीतला मला सगळ्यांत कठीण वाटणारा भाग हाच आहे. त्यांनी तपासलं नाही असं म्हणता येत नाही.

शेवंतीने मधल्या तीन आठवड्यांच्या अखंड रात्री मोजून घेतल्या होत्या. आप्पांचा बराचसा माल हातभर काडीवर पितृपक्षातच उमलला, जेव्हा बाजारात फुलाला उठाव नसतो. उरलेल्या कळ्या शेवटी परत आलेल्या दिव्यांनी गोंधळून हिरव्याच अडून बसल्या, आणि पुढे वेड्यावाकड्या फुलल्या. आप्पांनी रोपांना दोष दिला. नर्सरीवाला म्हणाला, याच रोपांचा तुमच्या भावाचा माल बघून या. आप्पा टेकाड ओलांडून गेले. कमरेएवढी सरळ उभी शेवंती, कळी नुकती वाटाण्याएवढी झालेली. बापू काही बोलला नाही. त्याने काकांना फोन केला.

काका आले, बॉक्स उघडला, तबकडी पाहिली. ती तेव्हा पुन्हा पाच तास मागे होती. त्यांनी आप्पांना काहीच विचारलं नाही. बेडवर सुकलेल्या काड्या उपटणाऱ्या बायकांकडे वळून म्हणाले, "श्रावणात हे दिवे कधी लागायचे, कोणाला आठवतंय का?"

"आम्ही भाकरीला बसलो की लागायचे," मावशी म्हणाल्या. "पंचमीनंतर."

"कोणाला सांगितलं नाही?"

मावशींनी आप्पांकडे पाहिलं आणि काडी उपटली. "आप्पांना सांगितलं होतं."

आप्पा बराच वेळ बॉक्सच्या दाराची कडी लावत-काढत राहिले. मग काकांना म्हणाले, "पुढच्या लागणीला बापूसारखा बॉक्स बांधून द्या. तो बाहेरचा बल्बही."

"बल्ब कुठे टांगू? तुमच्या घरावरून इकडचं काही दिसत नाही. मधे गोदाम आहे."

आप्पांनी वस्तीच्या दिशेने पाहिलं. "मावशी, तुमच्या दारातून दिसेल का?"

"न दिसायला काय झालं? माझ्या दारातून तुमचं शेड नाही तर आणखी काय दिसतं?"

काकांनी टेप काढला आणि एक टोक मावशींच्या हातात दिलं. त्या वस्तीच्या बाजूच्या खांबापर्यंत गेल्या, टोक धरून उभ्या राहिल्या, आणि तिथूनच ओरडल्या, "पण आप्पा, रात्री दहाला बघायचं, दोनला उठून बघायचं. ही हजेरी कुठल्या वहीत लिहिणार?"

बायका हसल्या. आप्पांनी खिशातली मजुरीची वही काढली आणि विचारलं, "किती धरू?"

"अर्धा दिवस," मावशी म्हणाल्या. "आणि लाईट गेली तर पूर्ण."