तिसरी पिन

रिद्धपूरच्या एका पोराला आजीचा आवाज टिपून ठेवायचा होता. आजी महानुभाव पंथाच्या घरातली, धवळे म्हणजे लग्नगीतं तोंडपाठ. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून जिचं नाव घेतात त्या महदंबेने हे धवळे याच गावात, गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या निमित्ताने रचले. आता गावात मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे. पाहुणे येतात, आजीला म्हणायला लावतात, मोबाइलवर टिपतात आणि जातात. पोराला ते टिपण पटत नव्हतं. आयटीआय केलेला गडी. त्याला एक जुना डायनॅमिक माइक मिळाला आणि प्रीअँप घरीच करायचं त्याने ठरवलं.

माइक मुळात अगदी क्षीण वीज देतो, व्होल्टाचा हजारावा भाग, फार तर दोन. ती हजारपट केली की टिपण्याजोगी होते. पण हजारपट करणारं यंत्र, म्हणजे प्रीअँप, आपपरभाव करत नाही. वाटेत जे जे शिरेल, ते सगळं आजीच्या जोडीने हजारपट होऊन बाहेर पडतं.

पोराने 5532 नंबरची आयसी घेतली, 12-0-12 चा ट्रान्सफॉर्मर घेतला आणि सगळं एका लोखंडी पेटीत नीट बसवलं. हेडफोन लावला, तर आत एक जाड ‘घूं’ आणि तिच्यावर बारीक ‘सूं’. आजीचा आवाज या दोघींच्या मागे कुठेतरी.

मग सल्ले सुरू झाले. गावात लग्न आणि बिघाड या दोन बाबतीत कोणीच अडाणी नसतो. एकाने सांगितलं, कंडेन्सर लहान पडला. पोराने 1000 मायक्रोफॅरडचे काढून 4700 चे बसवले. अमरावतीच्या दुकानदाराने महागडी आयसी गळ्यात मारली, तीही बसली. कोणी म्हणालं पेटीला आतून चांदीचा कागद लाव, कोणी म्हणालं पेटी बोअरच्या पाइपाला तारेने जोड. पोराने हे सगळं एकाच दुपारी केलं. घूं गेली नाही, फक्त तिचा सूर बदलला. एरवी बरी वाटायची, बोअरची मोटर सुरू झाली की वाढायची. का, ते सांगता येईना, कारण चार गोष्टी एकदम बदललेल्या.

शेवटी शेजारच्या मित्राने रामबाण उपाय सांगितला. ‘‘थे तिसरी जाडी पिन कापून टाक ना. आमच्या टीव्हीची कापली, मस्त चालते.’’

पोराकडे कटर नव्हता. तो मिस्त्रीकाकांकडे गेला. काकांनी हयात रेडिओ दुरुस्तीत काढलेली. आता रेडिओ येत नाहीत म्हणून मिक्सर आणि पंपाच्या मोटरी करतात.

‘‘दंडवत, काका. कटर पायजे होता.’’

‘‘दंडवत. कायले?’’

‘‘अर्थची पिन कापाची हाय. हमिंग येते.’’

‘‘हमिंग जाईन. माइक कोणाच्या हातात देशीन?’’

‘‘आजीच्या.’’

‘‘माइक कायचा हाय?’’

‘‘लोखंडाचा.’’

काकांनी कटर दिला नाही. स्वतःच उठून घरी आले.

यात काकांना जे दिसलं ते पोराला दिसलं नव्हतं. पेटी लोखंडाची. उद्या ट्रान्सफॉर्मरचं आवरण जळून फेज पेटीला लागली, तर तिसऱ्या पिनेतून करंट जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. पिनच नसली तर फ्यूज शाबूत राहतो आणि पेटी जिवंत होते. माइकच्या वायरीची जाळी पेटीला जोडलेली, जाळी माइकच्या अंगाला आणि माइक आजीच्या हातात. पिन कापून घूं घालवण्याचा हा उपाय पुष्कळदा लागू पडतो, म्हणूनच तो इतका पसरला आहे.

काका येऊन बसले आणि लाईन गेली. पोराने कपाळाला हात लावला. काका म्हणाले, ‘‘घ्या, आता काम सुरू करू. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आण.’’

बॅटऱ्यांवर प्रीअँप सुरू झाला. लॅपटॉप त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर. घूं साफ नाहीशी. सूं जशीच्या तशी. फुकटात झालेल्या या एका तपासणीने दोन दुखणी वेगळी झाली: घूं विजेच्या लाईनीतून येते, सूं पेटीतच जन्मते. भारनियमन पोराच्या घरी रोजच येत होतं. त्याने त्याला फक्त शिव्या घातल्या होत्या.

‘‘आता वही काढ,’’ काका म्हणाले. ‘‘जे जे नवं लावलं थे उलट्या क्रमानं काढाचं. एका वेळी एकच. काढलं की आयकाचं, अन् लिहाचं. फरक नाही पडला तरी लिहाचं.’’

‘‘फरक नाही पडला थे कायले लिहू?’’

‘‘म्हाइंभटानं कायले लिहिलं?’’

रिद्धपुरात हा दाखला द्यायला विद्वान असावं लागत नाही. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटाने त्यांच्या आठवणी इथेच बसून लिहिल्या, 1278 च्या सुमारास, तेच लीळाचरित्र. ज्याने पाहिलं त्याला तो जाऊन विचारी. एकच प्रसंग दोघांनी दोन तऱ्हांनी सांगितला, तर तो फरकही ग्रंथात नोंदलेला सापडतो. ‘‘त्यायनं दोघायच्या आठवणीची खिचडी नाही केली,’’ काका म्हणाले, ‘‘तू चार उपायायची केली.’’

लाईन आल्यावर पोर लिहू लागला. बोअरची तार काढली: घूं निम्म्याहून कमी. चांदीचा कागद काढला: फरक नाही. जुनी आयसी परत बसवली: फरक नाही. जुने कंडेन्सर परत लावले: फरक नाही.

पहिल्या ओळीवर काका थांबले. पेटीला एक अर्थिंग प्लगमधून होतं, दुसरं पोराने पाइपातून दिलं. दोन ठिकाणची जमीन विजेच्या हिशेबाने सारखी नसते. मोटर चालू असली की अंतर आणखी वाढतं. ते अंतर भरून काढायला करंट पेटीतून वाहत होता. म्हणजे निम्मी घूं उपायानेच आणलेली. आणि ज्यावर सगळ्यात जास्त पैसे गेले, त्या आयसीने काहीच केलं नव्हतं, हेही ‘फरक नाही’ लिहिल्यामुळेच कळलं.

उरलेली घूं मूळची. काकांनी इनपुटची दोन टोकं तारेने जोडली; घूं तशीच, म्हणजे माइक आणि त्याची वायर निर्दोष. मग प्लग काढून ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू सोडले, त्याला वेगळ्या प्लास्टिकच्या डब्यात बंद केलं आणि लांब वायरीने पेटीपासून दोन हात दूर ठेवलं. पुन्हा प्लग लावला. घूं गेली. ट्रान्सफॉर्मरभोवती सेकंदाला 50 वेळा उलटसुलट होणारं चुंबकत्व असतं, आणि पोराने इनपुटची वायर त्याला खेटून नेली होती. पेटी आतून सुबक दिसावी म्हणून.

आता सूं. पोराने माइकच्या वाटेत एक दहा हजार ओहमचा रजिस्टन्स टाकला होता. का, विचारलं तर म्हणाला, आयसीच्या संरक्षणासाठी. रजिस्टन्स नुसता पडलेला असला तरी गप्प नसतो. उष्णतेने त्यातले इलेक्ट्रॉन हलत राहतात आणि तीच सूं. अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत जॉन्सनने ती मोजली आणि नायक्विस्टने तिचं गणित मांडलं, 1928 साली. माइक दीडशे ओहमचा धरला, तर दहा हजारांचा रजिस्टन्स त्याच्या आठपट सूं करतो. तो काढला. सूं एकदम ओसरली, पण संपली नाही.

‘‘हे बाकीची कशी काढाची, काका?’’

‘‘थे नाही जात. माइकच्या तारेची अन् आयसीची हाय थे. जे जाते थे काढाचं, जे नाही जात थे ओळखून ठेवाचं. तिच्यामांगं पैसे नाही घालाचे.’’

पोराला हे शेवटचं सगळ्यात कमी आवडलं. पण त्याने तेही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी आजी बसली. पंखा बंद केला, माइक वीतभर अंतरावर धरला. पहिल्याच खेपेला टिपण चांगलं आलं. आजीने हेडफोन कानाला लावून ऐकलं आणि एका ठिकाणी आपण चरण गाळला हे तिच्या लक्षात आलं. मोबाइलच्या टिपणात ते कधी कळलं नव्हतं. तिने पुन्हा म्हटलं. पोराने दोन्ही टिपणं ठेवली.

महागडी आयसी दुकानदाराने परत घेतली नाही. शेजारच्या मित्राच्या टीव्हीचा प्लग मात्र काकांनी त्याच आठवड्यात बदलून दिला, आणि पैसे घेतले. तुमच्या घरी मिक्सर, इस्त्री, पंप, कशाच्याही प्लगची तिसरी पिन कोणी कापून ठेवली असेल, तर नवा प्लग आजच बसवून घ्या.