आजीच्या साडीचा रंग

आमच्या घरी १९८१ सालचा एक फोटो आहे. आजी, तिच्या कडेवर मावशी, शेजारी फ्रॉकमधली आई. अल्बम कायम कपाटात, उन्हाचा संबंध नाही. तरी अख्खा फोटो तांबूस झालाय. गेल्या वर्षी मी तो स्कॅन करून एका अ‍ॅपला दिला. दहा सेकंदांत आजीची साडी हिरवीगार. आई बघतच राहिली. मग म्हणाली, "छान आलाय रे. पण साडी मोरपंखी होती."

मी हसून सोडून दिलं. आईने तोच फोटो डीपीला लावला. चार महिन्यांनी ती फोनवर मावशीला विचारत होती, "आईची ती हिरवी साडी आठवते का गं?"

मी फोटो दुरुस्त केला होता, की आईची आठवण बदलून टाकली होती?

फोटो तांबूस का होतो, ते आधी बघू. रंगीत फोटोच्या कागदावर तीन थर असतात. डेव्हलप करताना त्यांत निळसर, किरमिजी आणि पिवळा असे तीन रंग तयार होतात, आणि चांदी धुऊन काढली जाते. उरतात फक्त रंगांचे रेणू. ते अंधारातही हळूहळू तुटतात. त्या काळच्या बऱ्याच कागदांत अंधारात सगळ्यांत आधी हार मानायचा तो निळसर रंग. तो गेला की तांबूसपणा उरतो. कोडॅकने १९४२मध्ये आणलेल्या कोडाकलरच्या सुरुवातीच्या प्रिंट्सची गत वेगळी होती. रंग बनवणारं न वापरलेलं रसायन कागदातच राहायचं आणि कागद पिवळा पडायचा.

याहून टिकाऊ पद्धती आधीपासून होत्या. लुई द्युको द्यु ओरों या फ्रेंच माणसाने १८६८मध्ये तीन रंगांच्या छपाईचं पेटंट घेतलं. एकाच दृश्याच्या तीन निगेटिव्ह काढायच्या, जिलेटिनमध्ये पक्की रंगद्रव्यं मिसळून तीन चित्रं करायची आणि ती एकावर एक बसवायची. त्याने १८७७मध्ये टिपलेलं आजाँ गावाचं दृश्य आजही रंगीत दिसतं. पण एकेका प्रिंटमागे केवढी मेहनत! आजीसारख्यांच्या घरात रंग आला तो स्वस्त, विटणाऱ्या कागदामुळेच. त्यामुळे त्या कागदाला दोष देणं मला जमत नाही.

जॉन हर्शेलने १८४२मध्ये शोधलेल्या सायनोटाइपची तर वेगळीच गंमत आहे. त्याचा निळा रंग उजेडात फिकटतो, पण प्रिंट अंधारात ठेवली की हवेतल्या ऑक्सिजनमुळे बराचसा परत येतो. तिथे रंग लपलेला असतो, नाहीसा झालेला नसतो.

माझ्या मते दुरुस्तीची सीमा इथेच आहे. आजीच्या फोटोत मागच्या आकाशात थोडा निळा शिल्लक होता. तो स्कॅनमध्ये वाढवणं ही दुरुस्ती. साडीत मात्र काहीच उरलं नव्हतं. तिथे अ‍ॅपने हिरवा भरला.

कुणी म्हणेल, फोटोतला रंग कधी खरा होता? कागदाची रसायनंही कंपनीनेच निवडलेली. मान्य. पण कुठे किती रंग उमटायचा, हे त्या दिवशी त्या साडीवरून आलेल्या उजेडाने ठरवलं होतं. अ‍ॅपमधला हिरवा ठरला इतर हजारो लोकांच्या फोटोंवरून. आजीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

माझ्या कामात डेटाबेसमध्ये एखादी किंमत नसेल तर आम्ही ती जागा रिकामी ठेवतो, नल. तिथे कुणी पटण्यासारखा आकडा भरला तर तो सगळ्यांत वाईट बग. एरर येत नाही, म्हणून कुणी शोधायलाही जात नाही. तांबूस फोटो निदान स्वतःच सांगतो की इथलं काहीतरी गेलंय. हिरवी साडी ते सांगत नाही. आणि चूक सांगायला आजी आता नाही.

मागच्या रविवारी मी मूळ स्कॅन पुन्हा काढला, फक्त आकाशाइतका सुधारला आणि खाली लिहिलं: 'साडीचा रंग गेला आहे. आईच्या आठवणीप्रमाणे मोरपंखी.' आईला दाखवला. ती बराच वेळ बघत होती.

"मोरपंखी म्हणाले होते का मी?" तिने विचारलं.


हो म्हणालो. पण तिला ती साडी आता मोरपंखी दिसते का, हे विचारायचा धीर झाला नाही.