हशा ओसरेपर्यंत

नाशकात गंगापूर रोडवरून शहराकडे येणाऱ्यांना कुसुमाग्रज स्मारक लागतं. कुसुमाग्रज म्हणजेच वि. वा. शिरवाडकरांनी १९५० साली इथे लोकहितवादी मंडळ उभं केलं आणि हौशी नाटकवाल्यांना हक्काचं ठिकाण मिळालं. ऑस्कर वाइल्डच्या हलक्याफुलक्या नाटकावरून 'दूरचे दिवे' लिहिणारेही शिरवाडकरच. वसंत कानेटकर याच शहरातल्या एचपीटी महाविद्यालयात शिकवत, आणि 'प्रेमा तुझा रंग कसा?' या त्यांच्या विनोदी नाटकात घर आहे तेही प्राध्यापकाचंच.

अशा गावात हौशी मंडळींचं विनोदी नाटक बघायला बसणं हा मोठा आनंद. नोकरी, दुकान, क्लास आटोपून रात्री तालमी केलेली ही माणसं. तिसरी घंटा होते, पडदा सरकतो आणि पहिल्या दहा मिनिटांत नटाची खरी परीक्षा होते.

हसवण्याच्या मानाने रडवणं सोपं. तालमीत हसायला प्रेक्षक नसतात, त्यामुळे हशा नेमका कुठे येईल हे प्रयोगाआधी कुणालाच ठाऊक नसतं. हशा पिकतो, नवखा नट घाईत पुढचं वाक्य बोलून टाकतो आणि ते त्या गलक्यात बुडतं. पुढच्या खेपेला मात्र तो थांबतो. हातातली कपबशी तशीच धरून, चेहरा जराही न हलवता. विंगेतला प्रॉम्प्टर वहीवर बोट ठेवून श्वास रोखतो.

हशा ओसरायला लागतो. आणि मग नट वाक्य टाकतो.