‘कॅनचं हाये जी’

विदर्भात कुणाच्या घरी गेले की खुर्ची पुढे सरकण्याआधी पाण्याचा गिलास येतो. उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी, मग चहा, मग कामाची गोष्ट. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीकडे हा रिवाज अजून शाबूत आहे. अलीकडे मात्र त्याला एक वाक्य चिकटले आहे. पाहुण्याचा हात गिलासाजवळ क्षणभर घुटमळला की घरधनी हळूच सांगतो, ‘‘घ्या नं जी, कॅनचं हाये.’’ मग पाहुणा निर्धास्तपणे गिलास तोंडाला लावतो.

साधे वाक्य, पण कबुलीजबाबासारखे. अंगणात नळ आहे, वाडीत विहीर आहे, गल्लीच्या तोंडाशी हातपंप आहे. तरी पाहुण्यापुढे ठेवलेल्या पाण्याला जामीन लागतो. आणि तो जामीन म्हणजे सकाळी छोट्या मालवाहू गाडीतून उतरणारा वीस लिटरचा जार.

पूर्वी असे नव्हते, असे म्हणण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. पूर्वी जामीन लागत नसे, कारण संशयच नसे. पाणी निर्दोष होते असे नाही. पटकी आली की गल्लीच्या गल्ली ओस पडे. गावाच्या शिवेवरची मरीमाय त्याच भीतीची खूण आहे. तरुण डॉक्टर सुशीला नय्यर १९३० च्या दशकाअखेरीस सेवाग्रामला आल्या, तेव्हा वर्ध्याच्या परिसरात पटकीच उसळली होती. पुढे १९६९ साली त्यांच्याच पुढाकाराने सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. तेव्हा संशय आला ही प्रगतीच म्हणायची. प्रश्न आहे तो संशयाचे आपण काय केले, याचा.

आष्टी तालुका पाण्याच्या काठाचा. वर्धा नदी हीच इथली सरहद्द : अलीकडे वर्धा जिल्हा, पलीकडे अमरावती. पलीकडे मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ ऊर्ध्व वर्धा धरण झाले. त्याच्या फुगवट्याने काठच्या जमिनी गिळल्या, माणसांना घरे उचलावी लागली. त्या धरणाचे पाणी अमरावती शहर पिते. आष्टी, कारंजा, वरूड, मोर्शी हा सारा पट्टा संत्र्याचा. बाग जगवायची तर बोअर हवा, आणि शेजाऱ्याचा बोअर खोल गेला की आपलाही खोल न्यावा लागतो. अशा मुलखात पाणी किती आहे याची चर्चा बाराही महिने चालते. पाणी कसे आहे, हे फक्त कुणाला ढाळवांत्या झाल्या की विचारले जाते.

याचे एक मूळ आपल्या भाषेत आहे, असे मला वाटते. ‘शुद्ध पाणी’ या शब्दात आपण दोन निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. एका अर्थाने शुद्ध म्हणजे सोवळे : त्या पाण्याला कोण शिवले, घागर कुणाची, पोहरा कुणाचा. दुसऱ्या अर्थाने शुद्ध म्हणजे निर्जंतुक : त्या पाण्यात काय जगते आहे. शेकडो वर्षे आपण पहिल्या अर्थाची कडेकोट राखण केली आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर तिथल्या सनातन्यांनी तळ्याची ‘शुद्धी’ केली. कशाने? पंचगव्याने. म्हणजे पिण्याच्या पाण्यात शेण आणि गोमूत्र ओतून. शुद्ध या शब्दाची अशी उलटापालट दुसऱ्या कुठल्या प्रसंगात दिसणार नाही. जंतुशास्त्राच्या दृष्टीने ज्याला आपण पाणी घाण करणे म्हणू, तेच तिथे पाणी शुद्ध करणे ठरले.

आता पाण्यात पंचगव्य ओतल्याचे सहसा ऐकू येत नाही. तरी सोवळ्याची जुनी वृत्ती कॅनच्या रूपाने परतली आहे, अशी मला शंका येते. सोवळे काय करते? माझे पाणी तुझ्या पाण्यापासून वेगळे काढते. कॅनही तेच करतो. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो आपल्या घरापुरता निर्धोक होतो आणि गावच्या नळातून काय येते याच्याशी त्याचा संबंध तुटतो. क्लोरीनचा स्वभाव नेमका उलटा. ते टाकीत पडते आणि मास्तरच्या घरी, मजुराच्या घरी, बाजाराच्या ओळीत, पारध्यांच्या बेड्यावर सारखेच पोचते. ते कुणाला वेगळे काढत नाही. कदाचित म्हणूनच ते आपल्याला आपले वाटत नसावे.

तक्रार तरी काय असते? ‘‘पाण्याले दवाईचा वास येते.’’ आपण पाण्याची परीक्षा जिभेने घेतो. गोड लागले की चांगले, थंड लागले की आणखी चांगले. या परीक्षेची किंमत १८५४ साली लंडनच्या एका विधवेने मोजली. ब्रॉड स्ट्रीटच्या हातपंपाचे पाणी पिणारे लोक पटापटा मरत होते आणि डॉ. जॉन स्नो घरोघर चौकशी करत होते. ही बाई राहायची तिथून कित्येक मैल दूर, हॅम्पस्टेडला. तिथे साथ नव्हती. पण पूर्वी ती ब्रॉड स्ट्रीटला राहत असे, तिथल्या पाण्याची चव तिच्या जिभेवर बसली होती, म्हणून ती रोज गाडीतून ते पाणी मागवून घेई. ती पटकीने गेली. स्नोंना हवा होता तसा पुरावा तिच्या मरणातून मिळाला : रोग हवेतून आला नव्हता, पाण्यातून आला होता. लांबून, खास चवीसाठी, गाडीने आलेले पाणी! आपल्याकडच्या जारची आठवण आल्यावाचून राहत नाही.

जारवर सरसकट आरोप करायचा नाही. आर.ओ. यंत्र नीट राखले तर क्षार काढते, फ्लोराइड आणि नायट्रेट कमी करते. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडच्या गावांत त्याची गरजच आहे. पण त्याच यंत्राची कार्बनची गाळणी क्लोरीनही काढून टाकते. यंत्रातून निघालेले पाणी त्या क्षणी स्वच्छ असते आणि त्या क्षणापासून बिनराखणीचे. पुढे जार कसा धुतला, झाकण कुणी उघडले, गिलास बुडवताना हात कुठे होता, यातले काहीही बिघडले तर आत उभा असलेला पहारेकरी उरलेला नसतो.

हा पहारेकरी किती स्वस्त आहे, त्याचा हिशेब करून पाहा. चार मीटर व्यासाची विहीर, तिच्यात पाच मीटर पाणी. म्हणजे सुमारे ६३ हजार लिटर. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते. त्रेसष्ट हजारांना झाली दीडशे ग्रॅमच्या जरा वर. पाव किलोसुद्धा नाही! गावात तिला टीसीएल म्हणतात. बादलीत कालवायची, चुना तळाशी बसू द्यायचा, वरची निवळी विहिरीत किंवा टाकीत सोडायची, अर्धा तास थांबायचे. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिले पाहिजे, असे भारतीय मानक सांगते. आरोग्यसेवक ओ.टी. टेस्ट करतो तेव्हा नळीत पाणी आणि द्रावाचे थेंब पडले की पिवळी छटा येते, ती याच शिल्लक क्लोरीनची. छटा नाही म्हणजे पहारेकरी वाटेतच संपला.

यात अवघड काय आहे? रोज करणे. पोते उघडे राहिले, खोलीला ओल आली, की पावडरीचे क्लोरीन उडून जाते आणि उरतो नुसता चुना; तो टाकला तरी टाकल्याचे समाधान मात्र पूर्ण मिळते. आज टाकलेली पावडर उद्यासाठी नसते. टाकी बांधली की उद्घाटन होते, कोनशिला बसते, फोटो निघतो. सकाळी सहाला बादलीत पावडर कालवणाऱ्या नळवाल्याचा फोटो कुणी काढत नाही. गावाचे आरोग्य ज्याच्या हातात असते, तोच बहुधा कार्यालयातला सर्वांत कमी पगाराचा माणूस असतो.

टाकीतून पाणी निघाल्यानंतरची गोष्ट आपल्या सगळ्यांची. पाणी एखाद तास येते, मग नळ कोरडे. नळाला धार लागत नाही म्हणून लोक अंगणात खड्डा खणून नळ खाली घेतात. खड्ड्यात धुण्याचे, पावसाचे पाणी साचते. पुरवठा थांबला, दाब उतरला, की तेच पाणी उलटे पाइपात शिरते. कुणी टिल्लू पंप लावतो आणि सरळ पाइपातून ओढतो. पाइप नालीतून गेलेला असतो, सांधा झिजलेला असतो. त्या ओढीने नाली पाइपात येते आणि शेजारच्या घरात पोचते. एकाचा पंप ही दुसऱ्याच्या लेकराची हगवण, इतके हे सरळ आहे. पाइपात ‘माझे पाणी’ आणि ‘तुझे पाणी’ असा भेद नसतोच.

पैशाचा धागाही तसाच. जुलै २०२२ मध्ये मेळघाटातल्या चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारीला पटकीची साथ आली, माणसे दगावली. वीजबिल थकले म्हणून नळयोजनेची वीज तोडलेली होती; लोक उघड्या विहिरीचे पाणी पीत होते. रोगाचे कारण जंतू खरे, पण त्या जंतूला वाट करून दिली ती थकलेल्या बिलाने. कॅनचे पैसे आपण रोख देतो, कुरकुर न करता. पाणीपट्टी मात्र मार्चअखेरपर्यंत रेंगाळते. घरापुरत्या पाण्याला पैसा सुटतो. गावाच्या पाण्याला सुटत नाही.

क्लोरीन म्हणजे सर्व रोगांवरचा अंगारा, असेही नाही. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेतले सांडपाणी पाणीपुरवठ्याच्या तोंडाशी शिरले. क्लोरीन वाढवले गेले; विषमज्वर-हगवणीची साथ फारशी आली नाही, पण काविळीचा विषाणू त्यातून निसटला आणि सुमारे २९ हजार लोक पिवळे पडले. नायट्रेटलाही क्लोरीनचा उपाय लागू पडत नाही, आणि पाणी उकळले तर नायट्रेटचे प्रमाण उलट वाढते. बागेतला युरिया आणि वाड्यातला शेणखड्डा पाझरत विहिरीपर्यंत जातो, तेव्हा त्याला जीभ ओळखत नाही की नाक. त्याला प्रयोगशाळाच लागते. म्हणून उगमाची राखण, नळाची डागडुजी, रोजचे क्लोरीन आणि ठरल्या वेळी तपासणी, हे चारही हवेत. एकावर भिस्त ठेवली की उरलेल्या तिघांतून रोग वाट काढतो.

ग्रामपंचायतींसाठी महाराष्ट्रात एक छान पद्धत आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर, एप्रिल आणि ऑक्टोबरात पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते आणि गावाला कार्ड मिळते : लाल, पिवळे किंवा हिरवे. सलग पाच वर्षे साथ न आलेल्या गावाला चंदेरी. निरक्षर आजीलाही कळेल असे हे प्रगतिपुस्तक. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचे ठरले. त्या तपासणीतली एक साधी बाटली, जिच्यात दूषित पाणी एकदोन दिवसांत काळे पडते, ती १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी जगापुढे मांडली होती. आष्टी आता नगरपंचायत. अशी छोटी शहरे मोठ्या विचित्र जागी उभी असतात. गावाची कार्डे तिथे मागे पडतात, आणि शहराची प्रयोगशाळा, अभियंते, वर्तमानपत्रांची ओरड अजून पोचलेली नसते. पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात जानेवारी २०२५ मध्ये जीबीएस (गिलाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडले तेव्हा दोन-चार दिवसांत विहीर, टँकर, नळ सगळ्यांचे नमुने गेले. छोट्या गावात दहाजणांना ढाळ लागले तर ‘लग्नातलं काहीतरी खाल्लं असंल’ यावर निभावते.

इथे कॅनचे खरे नुकसान लक्षात येते. त्याचे पाणी प्यायल्याने कुणी आजारी पडेलच असे नाही. पण जे लोक कार्यालयात जाऊन मोठ्या आवाजात बोलू शकतात, ज्यांचा अर्ज वाचला जातो, तेच आधी कॅनकडे जातात. गावच्या नळाकडे पाहणारे डोळे कमी होतात. नळ उरतो तो ज्यांचे कुणी ऐकत नाही त्यांना, आणि मग तो आणखी बिघडतो.

आष्टीला एकजूट ठाऊक नाही असे नाही. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी, ‘चले जाव’चे दिवस. त्या दिवशी आष्टीचे लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले, गोळीबार झाला, माणसे हुतात्मा झाली. तेव्हापासून हे शहीद आष्टी. ज्या तुकडोजी महाराजांच्या भजनांनी हा मुलूख पेटला, त्यांनाही सरकारने तुरुंगात टाकले. पण त्याच महाराजांनी पुढे ‘ग्रामगीते’त ग्रामशुद्धी आणि ग्रामआरोग्य यांना स्वतंत्र अध्याय दिले. त्यांच्या ‘शुद्धी’त सोवळे नव्हते, साऱ्या गावाने मिळून झाडलेली वाट होती. एका दिवसाच्या धैर्याचे स्मारक बांधता येते, बांधावेही. रोजच्या कामाचे स्मारक होत नाही. ते काम आज झाले की नाही, एवढेच विचारता येते.

मग ते विचारायची सोय करा. बाजारात कापसाचा, सोयाबीनचा भाव फळ्यावर लिहितात. तसा चौकात एक फळा लावा. आजचे क्लोरीन, कुठल्या गल्लीच्या शेवटच्या नळाला तपासले, कुणी तपासले. आठवड्यातून एकदा शाळेच्या पोरांना नळी हातात द्या. पिवळी छटा त्यांच्या आईबापांना आपोआप शिकवेल. नळवाल्याचे नाव फळ्यावर येऊ द्या. आकडा चुकला तर त्याला बोल लागेल, बरोबर आला तर मान मिळेल. आज दोन्ही मिळत नाही.

आणि हे जमले की नाही, हे कुठल्या अहवालावरून कळायचे नाही. ते एखाद्या सकाळी पाण्याचा गुंड भरताना बाई शेजारणीला काय म्हणते त्यावरून कळेल. आज ती म्हणते, पाण्याले वास येते. ज्या दिवशी ती गुंड खाली ठेवून, पदराला हात पुसत विचारेल, ‘‘काहून वं, आज पाण्याले वासच नाई आला?’’ आणि तशीच नगरपंचायतीकडे चालू लागेल, त्या दिवशी आष्टीचे पाणी प्यायला हरकत नाही.