खर्च कुणी भरायचा?

माझ्या मैत्रिणीच्या फोनमध्ये ‘खर्च’ नावाची एक नोट आहे. त्यात किराणा नाही. रिक्षा, स्क्रीनशॉटच्या प्रिंट, बिनपगारी रजा, पुन्हा रिक्षा. नवऱ्याचं घर सोडून ती सिंहगड रोडला मावशीकडे राहायला आली, तेव्हापासून ही नोट वाढते आहे. घरातली मारहाण थांबली, पण फोनमधून नवरा काही जाईना. दर आठवड्याला नवं खातं, तिचे फोटो, खाली घाणेरडा मजकूर आणि तिच्या ऑफिसातल्या लोकांना टॅग.

एका संध्याकाळी मी तिच्याबरोबर पोलीस चौकीत गेले. ड्युटीवरचे फौजदार उर्मट नव्हते. त्यांनी प्रिंट चाळल्या आणि म्हणाले, “मॅडम, हे सायबरकडे द्यावं लागेल. घरातल्या मारहाणीचं वेगळं.” त्रास देणारा माणूस एकच, पण आमच्यासाठी रांगा दोन.

रात्री जेवताना हे घरी सांगितलं. मामा आले होते. बँकेतून निवृत्त झालेला सरळ माणूस. म्हणाले, “अगं, वाईट वाटतं पोरीचं. पण नवरा-बायकोच्या भांडणासाठी अधिकारी, वकील, निवारागृहं, हे सगळं माझ्या टॅक्समधून का? आणि उद्या मीच फेसबुकवर कुणाला खरं बोललो, तर याच कायद्यानं मला उचलणार नाहीत कशावरून?”

मला राग आला. पण नंतर झोप लागेना, कारण मामांचे दोन्ही प्रश्न खरे होते. कायद्याची किंमत समाज दोन प्रकारे मोजतो. एक पैशात, दुसरी स्वातंत्र्यात.

आधी दुसरी किंमत. नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं, मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीनं फेसबुकवर त्या बंदबद्दल प्रश्न विचारला, दुसरीनं ती पोस्ट लाइक केली. दोघींना अटक झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ होतं. ऑनलाइन त्रास देणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल, असं ते कलम. पण त्यातले शब्द पाहा : ‘त्रास’, ‘गैरसोय’, ‘अत्यंत आक्षेपार्ह’. कुणाला कशाचा त्रास होईल, याला मापच नाही. या अटकेनंतर श्रेया सिंघल या तरुणीनं सुप्रीम कोर्टात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी कोर्टानं ते कलम घटनाबाह्य ठरवलं. तरीही काही पोलीस ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. २०२१मध्ये खुद्द कोर्टालाच त्याचा धक्का बसला.

म्हणजे मामांची भीती निराधार नाही. पण मला इथे वेगळंच काहीतरी दिसतं. ६६अ हा सरकारसाठी फार स्वस्त कायदा होता. नवा अधिकारी नको, निवारा नको, समुपदेशक नको. दोन-चार सैल शब्द लिहिले आणि अटकेचा अधिकार दिला की काम झालं. तिजोरीतून काही गेलं नाही. बिल त्या दोन मुलींनी भरलं.

आता दुसरा कायदा घ्या. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. तो कुणाला लगेच तुरुंगात टाकत नाही. बाईला घरात राहू द्या, तिच्याजवळ जाऊ नका, तिला खर्च द्या, असे आदेश मॅजिस्ट्रेट देतात. संरक्षणाचा आदेश मोडला तर मग गुन्हा. स्वातंत्र्याच्या हिशेबात हा कायदा काटकसरी आहे, पैशाच्या हिशेबात मात्र महाग. त्याला संरक्षण अधिकारी लागतात, निवारागृहं लागतात, मोफत वकील लागतात. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न करावा, असं तो सांगतो. त्यासाठी माणसं लागतात.

आणि तिथेच आपण हात आखडतो. संरक्षण अधिकाऱ्याचं काम अनेक ठिकाणी कुणाच्या तरी गळ्यात ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून पडतं. कायदा येऊन जवळपास दोन दशकं झाल्यावर, मे २०२५मध्ये सुप्रीम कोर्टाला राज्यांना सांगावं लागलं, की जिल्हा आणि तालुका पातळीवर हे अधिकारी नेमा. सायबरचंही तेच. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षकाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही. चौकीतले फौजदार आम्हाला टाळत नव्हते. तपास करू शकणारी माणसंच मोजकी आहेत.

सरकारनं पैसे वाचवले म्हणून खर्च नाहीसा होत नाही. तो माझ्या मैत्रिणीच्या नोटमध्ये जातो.

मामा पुढच्या वेळी आले, तेव्हा त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, “आणि खोट्या केसेस?” हाही प्रश्न टाळून चालणार नाही. हुंडा आणि सासरच्या छळाच्या ४९८अ कलमाबद्दल सुप्रीम कोर्टानं २०१४मध्ये अर्नेश कुमार खटल्यात सांगितलं, की तक्रार आली म्हणून आपोआप अटक करू नका, आधी गरज आहे का ते तपासा. पण तपासायचं तर तपासणारा हवा, त्याला वेळ हवा. अटक पटकन होते, चौकशीला दिवस लागतात. निर्दोष नवऱ्याला जो प्रामाणिक, सवडीनं काम करणारा अधिकारी वाचवेल, तोच माझ्या मैत्रिणीलाही वाचवेल. दोघांचा खर्च एकच आहे.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बरं, देऊ पैसे. पण ते तिथेच लागतात, हे कोण बघणार?”

याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नव्हतं. भरपूर पगारी माणसं असलेलं सरकारही घरात आणि फोनमध्ये डोकावू लागलं तर मला भीती वाटेल. म्हणून पैसे देणाऱ्यानं प्रश्नही विचारले पाहिजेत. राज्याचं महिला व बालविकास आयुक्तालय आपल्या पुण्यातच आहे. जिल्ह्यात संरक्षण अधिकाऱ्यांची पदं किती, भरलेली किती, त्यांतल्या किती जणांकडे दुसरंही काम आहे, एवढं विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी लिहिला. फी दहा रुपये. मामांनी तो वाचून एक वाक्य दुरुस्त केलं.

ते दहा रुपये मैत्रिणीच्या नोटमध्ये नाहीत. माझ्या फोनमध्ये आहेत.