हत्यार लागण्याआधी

पायाच्या तळव्यावरचा काळा डाग आपल्याकडे बहुतेकदा कुरूप ठरतो. त्याला पट्टी चिकटते, ब्लेडने तो खरवडला जातो आणि महिने निघून जातात. सावळ्या माणसांत मेलानोमा हा कातडीचा कर्करोग अशाच जागा पुष्कळदा धरतो: तळवा, नखाखालची कातडी. कळेपर्यंत जांघेत गाठ आलेली असते. मग घरात दोन आवाज उठतात. ‘मुळापासून काढून टाका.’ ‘हत्यार लावू नका, पसरेल.’

दुसरी भीती खोटी आहे. तिच्यापायी उपचार लांबतात, याचं मला फार वाईट वाटतं. पहिला आग्रह मात्र खुद्द सर्जनांचाच होता. लंडनच्या सॅम्पसन हँडलींनी १९०७ साली एका रुग्णाच्या शवविच्छेदनावरून भोवतालचा निरोगी भागही भरपूर काढायला सांगितलं. त्यातून ५ सेंटीमीटरचा दंडक पडला. एका देहावर उभी राहिलेली रीत कित्येक दशकं चालली! गाठींचंही तेच. रोग आधी जिथे पोचतो त्या पहिल्या लसिकाग्रंथीत हाताला न लागणारा रोग सापडला, तरी उरलेल्या सगळ्या लगेच काढून आयुष्य वाढत नाही, हे २०१७ मध्ये दिसलं. सगळ्या काढलेल्यांत सूज मात्र २४ टक्क्यांना आली. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ६ टक्क्यांना.

हाताला लागणारी गाठ आजही काढावीच लागते. प्रश्न कधी, हा आहे. २०२३ च्या अमेरिकी चाचणीत दोन्ही गटांना पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाच्या १८ मात्रा ठरल्या होत्या. एका गटाला सगळ्या शस्त्रक्रियेनंतर, दुसऱ्याला त्यांतल्या ३ आधी. दोन वर्षांनी रोगाने उचल न खाल्लेले पहिल्या गटात ४९ टक्के, दुसऱ्यात ७२. हे औषध कर्कपेशींना स्वतः मारत नाही, आपल्याच रोगप्रतिकारक पेशींचा लगाम सैल करतं. गाठ जागेवर असेल तर त्या पेशींना शत्रूची नीट ओळख पटते, असं याचं कारण सांगतात. गाठ आधीच गेली, तर त्यांनी ओळखायचं कुणाला?

औषधाचा खर्च लाखांत. ज्या घराला तो झेपत नाही, तिथे आजही सारी भिस्त सुरीवर आहे, आणि ही बोच कुठल्याही आकड्याने कमी होत नाही.

ज्याला औषध मिळतं, त्याला तीन-तीन आठवड्यांनी सलाईनमधून मात्रा घेत गाठीसकट दिवस काढायचे असतात. रात्री हात आपसूक जांघेकडे जातो. वाढली का? सर्जनने त्याला आधीच नीट समजावलेलं असावं. मग शस्त्रक्रिया होते, गाठ पॅथॉलॉजिस्टकडे जाते, आणि कधी कधी तिच्यात एकही जिवंत कर्कपेशी सापडत नाही.