दगडाला पाणी

साखर कारखान्याचा पट्टा पडला आणि पाटोदा तालुक्यातल्या त्या वस्तीवर ऊसतोडीला गेलेली माणसं परतली. घरकुलाच्या कामातून अर्धी गोणी सिमेंट उरलं होतं. उन्हाळ्यात नायगावच्या अभयारण्याच्या बाजूनं मोर येत, चिमण्या-होले तर रोजचेच. त्यांना पाण्याची दोन पसरट भांडी करायची, असं दोघी जावांनी ठरवलं.

सासरा जुना गवंडी. मापं त्यानंच सांगितली : एक तांब्या सिमेंट, तीन तांबे चाळलेली वाळू आणि पाणी एवढंच, की मुठीत दाबला तर गोळा राहावा, ओघळू नये. "आन् हाताला पिशव्या बांधा गं, सिमेंट खातंय कातडीला."

थोरलीला घट्ट माल जड गेला. तिनं पाणी वाढवलं, तसा तो पिठल्यासारखा पसरला. तेल लावलेल्या उपड्या पाटीवर तिचं भांडं गुळगुळीत बसलं. धाकटीचं मात्र ओबडधोबड, बोटांचे ठसे उमटलेलं.

दुसऱ्या दिवशी भांडी सुटली. थोरलीनं आपलं पत्र्यावर उन्हात ठेवलं. तिचं माहेर कुंभाराच्या शेजारचं, आधी ऊन आणि मग आग दाखवली की भांडं पक्कं होतं हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं. मातीपुरतं ते खरंही आहे. सिमेंटाची तऱ्हा उलटी. ते वाळून नाही, पाण्याशी संयोग पावून घट्ट होतं, म्हणून तर पाण्याखालीही धरतं. ऊन लागून ओल उडाली की ते काम अर्ध्यावर थांबतं. हल्लीच्या राखमिश्रित सिमेंटाला तर निदान 10 दिवस ओल हवी.

धाकटीनं भांड्याला गोणपाट गुंडाळलं आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. सासू ओट्यावरून ओरडली, "टँकर येतोय दोन दिसाला, माणसाला पुरंना, आन् तू दगडाला पाणी पाजायलीस व्हय गं?"

म्हातारीला दोष कसा द्यायचा? तिचा निम्मा जन्म हंडे वाहण्यात गेलेला.

"बीडची खजाना विहीर निजामशाहीतली," सासरा म्हणाला. "तिच्या चुन्यालाबी कुणीतरी असंच पाणी पाजलं आसंल."

"मग त्याच विहिरीचं आणा," सासूनं तोडलं.

धाकटी काही बोलली नाही. तिनं भांडं उचलून रांजणाखाली सरकवलं. तिथं झिरपा टपटपत असे, एरवी तो मातीतच जिरायचा. दोन दिवस सासू नुसती बघत राहिली. तिसऱ्या दिवशी गोणपाट कडेनं सुकलेलं दिसलं, तेव्हा भाजी धुतलेलं पाणी तिनं स्वतःच वर शिंपडलं. कुणाला सांगितलं मात्र नाही.

मुदत भरल्यावर दोन्ही भांडी लिंबाखाली मांडून काठोकाठ भरली. संध्याकाळपर्यंत थोरलीचं निम्मं रिकामं, बुडाखाली ओलं कडं. नखानं खरवडलं तर काठाची पूड निघत होती. मालातलं जास्तीचं पाणी उडून गेलं आणि जागोजाग भोकं ठेवून गेलं होतं.

"सिमेंटच शिळं होतं," थोरली म्हणाली.

"एकाच गोणीतलं की गं अक्का," धाकटी हसली.

थोरलीनं रागानं ते भांडं फोडलं, तुकडे तुळशीच्या कुंडीच्या तळाला घातले आणि पुन्हा वाळू चाळायला बसली. सासू तिच्यासमोर उकिडवी झाली.

"थोरले, हे रांजणाखाली ठिव. पर घट्ट मळ. पातळ केलंस तर माझं धा दिसाचं पाणी फुकट जाईल."